वामनकाकांचा हयातीचा दाखला

"सतीशभाऊ, पाहा आता नीट. जिवंत आहो का नाही मी?"

वामनकाका माझं टेबल धरून उभे होते. नेपाळहून बस आणि दोन गाड्या बदलून आले होते. गुडघा सुजलेला, आवाज बसलेला. त्यांना खुर्ची द्यायचंही मला सुचलं नाही.

मी तेव्हा रायपूरला, तेलीबांधा भागातल्या एका बँकेत पेन्शनचं टेबल सांभाळायचो. पेन्शनरनं दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, म्हणजे 'मी जिवंत आहे' असा सहीशिक्क्याचा कागद. तो नसला की पेन्शन थांबते. मोबाईलवर चेहरा दाखवायची सोय तेव्हा नव्हती.

काका सिंचन विभागातून ड्राफ्ट्समन म्हणून रिटायर झालेले, एकटे. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि आमच्याकडची घरभाडी बघता बघता चढली. पेन्शन कुठली तशी चढायला! काकांनी सरळ पोखराजवळच्या गावात खोली घेतली. आमच्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला सगळ्यांना सांगत होते, "इथं वीस तारखेलेच हात आखडते. तिथं महिना निघते, अन् खिडकीतून बर्फाचा डोंगर दिसते." घरी येताना बायको म्हणाली, "आपणही असा विचार करायला पाहिजे." मी नुकतंच कर्ज काढून घर बांधलं होतं. मला ते फार झोंबलं.

आता खरं सांगतो. मंडळातल्या म्हाताऱ्यांचे दाखले मी कार्यक्रमातच उरकायचो. माणूस दिसला की सही. नाही दिसला तर "आहेत हो, घरी झोपलेत," एवढ्यावरही सही. काकांचा फॉर्म पोस्टानं आला तेव्हा मात्र मला सगळे नियम आठवले. खाली तिथल्या हेडमास्तरांचा शिक्का होता. तो चालत नाही, आपल्या दूतावासाचा लागतो. मी फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला. काकांना कळवलंसुद्धा नाही.

डिसेंबर उलटल्यावर त्यांचा फोन आला.

"भाऊ, पेन्शन काहून नाही आली? कागद तर पूर्ण पाठवला मी."

"शिक्का चुकीचा आहे, काका. नाहीतर स्वतः या."

"अहो, पण मागं..."

"काउंटरवर गर्दी आहे, काका." मी फोन ठेवला. गर्दी नव्हती.

आणि आता ते खरंच आले होते. मी नवा फॉर्म भरला, त्यांची सही घेतली. जुन्यावर 'रद्द' लिहायला तो बाहेर काढला. कोपऱ्यात पेन्सिलीनं एक सुबक बाण होता आणि बारीक अक्षरात 'कृपया मागे पाहावे'. मी पान उलटलं. दूतावासाचा गोल शिक्का, सही, तारीख, सगळं जागच्या जागी होतं. त्या गुडघ्यानं माणूस काठमांडूला जाऊन आला होता.

"तेच सांगून राहिलो होतो फोनवर," काका हळूच म्हणाले.

तेवढ्यात मॅनेजर केबिनमधून बाहेर आले. "दादाजी को खड़ा क्यों रखा है, भैया? पेन्शन क्यों रुकी थी इनकी?"

"सर, काग़ज़ पोस्ट में अटक गया था," मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग मॅनेजरांना म्हणाले, "हव साहब, पोस्ट में ही अटका था."

पेन्शन त्याच आठवड्यात सुरू झाली. पण भाडं थकलं म्हणून खोली दुसऱ्याला गेली होती. काका जवळच अभनपूरला पुतण्याच्या घरी राहिले, शेवटपर्यंत. तिथं खिडकीसमोर राईस मिलची भिंत होती.

तेव्हापासून मी कुठलाही कागद आधी उलटून बघतो. चांगली सवय आहे. काकांना तिचा काही उपयोग झाला नाही.