खालच्या फळीवरचा डबा

भोपाळमधल्या जेवढ्या मराठी बायका आज अंगातल्या कुर्त्याची शिवण न उसवता फळीवरचा डबा काढू शकतात, त्यांतल्या निम्म्या तरी आमच्या वरच्या मावशींच्या कृपेने काढतात. उरलेल्या निम्म्यांची आणि मावशींची अजून गाठ पडलेली नाही, एवढंच. ‘वरच्या’ म्हणजे बरखेड्याला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. रक्ताचं नातं काही नव्हतं. त्याच कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्या यंत्राच्या भागांची चित्रं काढायच्या. एका भागात दुसरा भाग बसवायचा तर मध्ये किती जागा सोडायची, या विचारात त्यांची सगळी नोकरी गेली. संध्याकाळी ऑफिस सुटलं तरी तो विचार काही सुटत नसे. मग जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, लग्नाच्या पंगतीत, जी बाई समोर येईल तिच्याकडे त्या त्याच नजरेने बघत. मंडळाच्या गणपतीत आरती अगदी रंगात आलेली असताना त्यांनी पुढच्या अनोळखी बाईच्या खांद्यावरचं कापड चिमटीत धरलं आणि टाळ्यांचा ठेका न चुकवता तिच्या कानात सांगितलं, “शिवण दंडावर आलीय तुमची. हाडावर हवी.” ती बाई आधी दचकली, मग रागावली, आणि प्रसाद घेताना हळूच विचारायला आली की बाई, कुठे शिवायला टाकू.

मावशींबरोबर कपडे घ्यायला जाणं म्हणजे परीक्षेला बसणं होतं. आरशासमोर ताठ उभं राहून, पोट आत घेऊन कपडा पसंत करणाऱ्या बाईवर त्यांचा भयंकर राग. “दिवसभर आरशासमोर उभी राहणार आहेस का?” असं म्हणून त्या तिला स्टुलावर बसवत, खाली वाकून पडलेला रुमाल उचलायला लावत, आणि शेवटी म्हणत, “आता वरच्या फळीवरचा डबा काढ.” फळी नसे, डबाही नसे. आपण हात वर करून हवेतला डबा काढायचा आणि मावशी काखेत बोट घालून कापड किती ओढलं जातंय ते बघायच्या. दुकानातल्या इतर बायका आधी तोंडावर पदर धरून हसत आणि थोड्या वेळाने त्याही डबे काढायला लागत. पिपलानीच्या बाजारातल्या एका दुकानदाराने एकदा मोठ्या उत्साहाने सांगितलं, “आंटीजी, फ्री साइज है, सबको आ जाता है.” मावशी शांतपणे म्हणाल्या, “भैया, सबको आता है मतलब किसीको बराबर नहीं आता. दुसरा दिखाव.” तेव्हापासून त्या दिसल्या की तो फ्री साइजचा गठ्ठा मुकाट्याने काउंटरखाली सरकवायचा.

माझ्या नणंदेच्या कुर्तीची गोष्ट तर आमच्या घरी अजून सांगितली जाते. ती कॉलेजला स्कूटीवरून जायची. कुर्ती अंगाला बसली, नणंद वाकली, डबाही निघाला. मावशींचं समाधान होईना. “ही गाडीवर बसते, तर गाडीवर बसूनच बघायला हवं,” असं म्हणत त्यांनी तिला हाताला धरून दुकानाबाहेर काढलं आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या कुणाच्या तरी स्कूटरवर बसवलं. मागून दुकानदार धावतोय, “आंटीजी, पहले बिल तो बनवा लो!” स्कूटरचा मालक किल्ली हातात घेऊन आला, तो हा प्रकार बघत उभाच राहिला. मावशींनी बाजूचा कट तपासला आणि तो दोन बोटं वर हवा असं जाहीर केलं. त्यावर तो मालक म्हणाला, “हां आंटी, अपन को भी यही लग रहा था.” नणंद पुढचे आठ दिवस त्या बाजारात गेली नाही, पण ती कुर्ती तिने विरेपर्यंत वापरली.

दोन गोष्टींचा त्यांना मनापासून तिटकारा होता. पहिली सेफ्टी पिन. कपड्याला पिन लावावी लागली म्हणजे माप चुकलं, आणि चुकलेलं माप लपवायचं नसतं, दुरुस्त करायचं असतं, हे त्यांचं म्हणणं. दुसरी गोष्ट म्हणजे ‘होईन मी बारीक’ असं म्हणून लहान मापाचा कपडा घेणं. आमच्यापैकी प्रत्येकीच्या कपाटात असे बारीक होण्याची वाट बघणारे ड्रेस होते. मावशी म्हणायच्या, “कपडा आज आहे त्या बाईसाठी घ्यावा. उद्याची बाई येईल तेव्हा तिचं तिला घेऊ.” मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं की माझं तिकडे लक्षच नसायचं.

मग माझ्या डाव्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, ती बाजू काढून टाकली. पुढचे उपचार संपले, केस परत आले, डॉक्टर म्हणाले, आता खुशाल शाळेत जा. मी मराठीची आणि हिंदीची शिक्षिका, वर्गाशिवाय मला करमत नसे. पण मी जायला तयार नव्हते. जुना एकही कपडा अंगावर धड बसेना, एकीकडे ताठ आणि एकीकडे रिकामा. मी नवऱ्याचे सैल शर्ट घालून घरात बसले आणि राजीनामा द्यायचं मनाशी ठरवून टाकलं. चाळीस पोरांसमोर फळ्याकडून वळायचं, या कल्पनेनेच मला रडू यायचं.

मावशी खाली आल्या त्या गळ्यात टेप अडकवूनच. धीर देणं, डोक्यावरून हात फिरवणं असलं काही त्यांनी केलं नाही. “शर्ट काढ,” म्हणाल्या. त्यांनी उजवीकडचं माप घेतलं, डावीकडचं घेतलं, आणि डावीकडे टेप धरताना त्यांचा हात जराही बिचकला नाही. मी म्हटलं, “मावशी, दोन्हीकडे सारखं नाही आता काही.” त्या म्हणाल्या, “अगं, सगळे भाग दोन्हीकडून सारखे थोडेच असतात? सारखे असले की आम्ही अर्धंच चित्र काढतो. नसले तर दोन्ही बाजू काढायच्या. काम थोडं वाढतं, बाकी काही नाही.”

त्याच आठवड्यात त्या मला रिक्षात घालून दुकानात घेऊन गेल्या. पुढून बटणं असलेला, मऊ सुती कापडाचा निळा कुर्ता निवडला. डावीकडे आतून एक खिसा शिवून घ्यायचा आणि त्यात कापसाची हलकी गादी ठेवायची, हे त्यांनीच ठरवलं. मी स्टुलावर बसले, वाकले. मग डब्याची वेळ आली आणि माझा डावा हात खांद्याच्या वर जाईना. मी घाबरून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्या कोपराखाली तळहात धरला आणि म्हणाल्या, “इथपर्यंत येतो ना? मग आज डबा खालच्या फळीवर आहे.” मी तो खालच्या फळीवरचा डबा काढला आणि कपडे बदलायच्या त्या खोलीतच त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून भरपूर रडले. नंतरच्या सोमवारी मी निळा कुर्ता घालून वर्गात गेले. मुलांनी एवढंच विचारलं की मॅडम, टेस्ट कब है.

निवृत्तीनंतर मावशी मिसरोदला लेकीकडे राहायला गेल्या. गेल्या हिवाळ्यात मोठं आजारपण काढून उठल्या, तेव्हा मी भेटायला गेले. निम्म्याच उरल्या होत्या. नातीचा साखरपुडा जवळ आला होता आणि लेक काकुळतीने सांगत होती की आई हॉलवर यायला तयार नाही. मावशी म्हणाल्या, “मला काही बसत नाही गं आता. अंगाने थोडी भरले की बघू.” त्यांनी पदर सारखा केला तेव्हा मला दिसलं, ब्लाउजच्या पाठीवर सेफ्टी पिना लावलेल्या होत्या. मी म्हटलं, “मावशी, कपडा आज आहे त्या बाईसाठी घ्यायचा असतो.” त्या लेकीकडे वळून म्हणाल्या, “माझ्या चपला दे.”

दुकानात त्यांच्यासाठी लांब बाह्यांचा तयार ब्लाउज मिळाला. मी त्यांना स्टुलावर बसवलं. वाकणं मी माफ केलं. मग म्हटलं, “डबा.” त्यांनी हात उचलला, तो खांद्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. माझ्याकडे बघून त्या ओशाळल्यासारखं हसल्या. या बाईने मला माझा वर्ग परत दिला होता, आणि मला त्याबद्दल कधी नीट आभारही मानता आले नव्हते. मी त्यांच्या कोपराखाली हात धरला. किती हलका होता तो. “आज खालच्या फळीवर आहे मावशी,” मी म्हटलं.

त्यांनी तो डबा काढला. मग हात तसाच उचललेला ठेवत म्हणाल्या, “काखेत बघितलंस का? ओढत तर नाही?”

मी बोट घालून बघितलं. ओढत नव्हतं.