ठीक है, साब

माझं शेवटचं पोस्टिंग ताबारेषेवर होतं. मी हवालदार, सेक्शन कमांडर. नाईक दत्तू शेळके, साताऱ्याकडचा, माझा रेडिओ ऑपरेटर आणि बडी. बडी म्हणजे काय ते सिव्हिलियन लोकांना सांगावं लागतं. जेवण एकत्र, पहारा एकत्र, शिव्यासुद्धा एकमेकांनाच.

फौजेत रिक्रूट असल्यापासून एक उत्तर अंगात मुरवतात. साहेबाने विचारलं, कैसे हो? ठीक है, साब. पायाला फोड आलेत, ठीक है. ताप भरलाय, ठीक है. कुरकुर करणाऱ्याची आम्ही अशी काही टिंगल करायचो की परत त्याची टाप नव्हती तोंड उघडायची. दत्तूचं 'ठीक है' तर खणखणीत. ऐकणाऱ्यालाच बरं वाटायचं.

त्या सकाळी आमचं गस्तीचं पेट्रोल निघालं. बर्फ वितळून वाट निसरडी झाली होती. वळणावर सुरुंग फुटला आणि मी आडवा झालो. उजव्या दंडातून रक्त उडत होतं. हात मात्र माझा नव्हताच जणू. दत्तू सरपटत आला, पट्टा काढून दंडाला आवळला आणि रेडिओ उचलला. पलीकडे कंपनी कमांडर.

"कॅज्युअल्टी रिपोर्ट. ओव्हर."

"हवालदारसाब को लगी है. ओव्हर."

"और तुम? ओव्हर."

"ठीक हूँ, साब. ओव्हर."

खालून स्ट्रेचर आलं. दत्तूने पुढचा दांडा धरला. नर्सिंग असिस्टंटने त्याच्या बाहीवरचं रक्त पाहून विचारलं, तर म्हणाला, "हवालदारसाब का है." अर्ध्या उतारावर त्याने माझं स्ट्रेचर सावकाश खाली टेकवलं, दगडाला पाठ लावून बसला, आणि उठलाच नाही. बुलेटप्रूफ जॅकेटची कड जिथे संपते तिथून, काखेखालून, लोखंडाचा तुकडा आत गेला होता. वेळेत सांगितलं असतं तर वाचला असता का, हे मी कुठल्याच डॉक्टरला विचारलं नाही. हिंमत झाली नाही.

मला दिल्लीला लष्करी रुग्णालयात आणलं. दंडातली नर्व्ह तुटली होती, ती जोडली. मनगट लोंबतच राहिलं. सर्जन म्हणाले, नर्व्ह वाढते, पण अगदी मुंगीच्या पावलाने. ती वेळेत पोहोचली नाही तर स्नायू सुकतो, मग काही करता येत नाही. माझा जेवायचा, दाढीचा, सॅल्यूटचा हात होता तो. मला तो परत हवा होता, बस्स.

मग दिल्लीतच, द्वारकेतल्या आमच्या फ्लॅटवरून फिजिओथेरपीच्या चकरा सुरू झाल्या. मल्होत्रा मॅडम दंडावरून खाली बोटाने टिचक्या मारत यायच्या. "करंट कहाँ तक आता है?" झिणझिणी जितकी खाली सरकेल तितकी नर्व्ह वाढली, असा त्यांचा हिशेब. माझी झिणझिणी एकाच जागी अडून बसली होती. वर संध्याकाळी हातात कोणी तिखट कोंबल्यासारखी आग. आणि मी काय सांगायचो? "ठीक है, मॅडम. नीचे आ रहा है." बाईंसमोर रडगाणं गायचं? छे!

एका रविवारी स्वयंपाकघरात बायकोशी, सुनंदाशी, बोलत ओट्याला टेकून उभा होतो. कातडी जळाल्याचा वास आधी आला. पाहतो तर उजव्या हाताची मागची बाजू तापलेल्या कुकरला चिकटलेली.

"अहो, हात!" ती किंचाळली.

"काही नाही गं, ठीक आहे."

तिने हातातला झारा सिंकमध्ये आपटला. "ठीक आहे, ठीक आहे! दत्तूभावजीसुद्धा ठीकच होते ना?"

असा राग आला की काय सांगू. पण तिने माझा हात सिंकवर ओढला. ती रडत माझ्या हातावर पाणी ओतत राहिली. मला त्या पाण्याचा गारवाही कळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी भाजलेला हात उलटसुलट करून पाहिला. मग एवढंच म्हणाल्या, "पहले क्यों नहीं बताया, भैया?" सर्जननी पुन्हा दंड उघडला. जुन्या जखमेच्या गाठीत नर्व्ह अडकून पडली होती. गाठ काढली, पण मधले महिने वाया गेले ते गेलेच. पुढे दीड वर्षाने मनगट उठलं. अंगठाही थोडा हलतो. दोन बोटं मेली ती मेलीच. आता नोएडात एका ऑफिसची सिक्युरिटी बघतो आणि डाव्या हाताने सही करतो.

गेल्या हिवाळ्यात दत्तूची बायको वैशाली दिल्लीला आली. युद्धस्मारकाच्या भिंतीवर त्याचं नाव कोरलंय, ते तिला पाहायचं होतं. सुनंदा आणि मी तिला घेऊन गेलो. तिने पदराच्या टोकाने नाव पुसलं. मग माझ्याकडे वळली.

"हात कसा आहे, भाऊ?"

"दुखतो, ताई. रोज दुखतो."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "युनिटमधले सगळे सांगतात, ह्यांना काही कळलंच नाही. क्षणात गेले. खरं सांगा."

सुनंदा माझ्याकडे बघत होती.

"कळलं होतं त्याला," मी म्हणालो. "त्रासही झाला असणार. मला उचलून चालत होता, पण कोणाला सांगितलं नाही."

वैशालीने त्या नावावर हात ठेवला. "घरीही तसेच होते," ती म्हणाली. "तापाने फणफणले तरी म्हणायचे, मला काय धाड भरलीय?" आणि मग ती रडली. इतक्या वर्षांत माझ्यासमोर पहिल्यांदाच.

मी सावधानमध्ये उभा राहिलो, सॅल्यूट केला. मनगट वर आलं, दोन बोटं खाली लोंबत राहिली. एरवी मी ती डाव्या हाताने सरळ करून घेतो. त्या दिवशी तशीच राहू दिली. दत्तूपुढे तरी ठीक असल्याचं दाखवायचं नव्हतं.