बेकारीची तालीम

अख्ख्या वर्धेत कंट्रोल उठू नये म्हणून देवाला नारळ बोललेलं घर एकच होतं, आणि ते आमचं.

बाकी सगळं गाव धान्यावरच्या या सरकारी कंट्रोलला शिव्या घालत होतं. रेशनच्या किडक्या ज्वारीला, दुकानापुढच्या रांगेला आणि कार्डावरच्या शिक्क्याला! तो शिक्का मारणारा कारकून मी, भोयरबाबू. पन्नासनंतरची ती वर्षं. नागपूरहून (तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो आणि राजधानी तीच होती) रोज नवी आवई यायची. आज कंट्रोल उठणार, उद्या कचेरी बंद होणार, परवा बाबूंची छाटणी! गाव पेढे वाटायच्या तयारीत आणि आमचं घर नारळाच्या. आमच्या टेबलावर दोघं होतो, मी आणि वांदिले. दोघांतला एक जाणार हे शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. कोण जाणार, ते फक्त साहेबांना. त्यामुळे आम्ही दोघं एकमेकांपेक्षा जास्त वाकून साहेबांना नमस्कार करायचो. माझी कंबर तेव्हा जी धरली ती आजतागायत सुटलेली नाही.

हे सगळं मी घरी येऊन सांगितलं, ही पहिली चूक.

"मंग आतापासूनच सवय करू ना," आमची शांता म्हणाली.

"कायची सवय?"

"नोकरी नसल्याची! एकदम बेकारी आली तं जड जाते. हळूहळू आनली तं जमते."

"अवं, पन नोकरी हाये ना अजून!"

"म्हनूनच तं म्हनते. आत्ता बिनघोर सराव होते. मांगून कोन सराव करते?"

माझी माय कोपऱ्यात वाती वळत बसली होती. ती म्हणाली, "सून बराबर बोलून राह्यली." आठ वर्षांत त्या दोघींचं एकमत झालेलं मी प्रथमच पाहत होतो. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं, पण दिवसभर शिक्के मारून मी इतका दमलेला असायचो की कोणी काही म्हटलं तरी "हौ" म्हणून मोकळा व्हायचो.

सोमवारपासून तालीम सुरू झाली. गवळ्याला दूध बंद. चहा कोरा, गुळाचा. पोळ्या बंद, भाकरी सुरू. धोब्याला निरोप गेला की आता येऊ नको. सायकलचे टायर झिजतात म्हणून सायकल आढ्याला टांगली आणि मी रामनगरातून कचेरीपर्यंत पायी. दाढी आठवड्यातून एकदा. (पातं वाचतं!) पहिल्या आठवड्यात मी निदान कुरकुर तरी केली. दुसऱ्या आठवड्यात तेवढंही त्राण उरलं नाही. एका रात्री जेवताना मी आणखी भाकरी मागितली, तर माय माझ्याकडे रोखून पाहत म्हणाली, "बेकार मानसाले इतकी भूक कायची रे?"

"माय, मी बेकार नाई ना!"

"मंग सराव कायचा करून राह्यलो आपन?"

मी पाणी पिऊन उठलो.

आता गवळी बंद, धोबी बंद, बाबूची दाढी वाढलेली, बाबू पायी चाललेला. गावाला आणखी काय हवं? गवळ्यानं ते आमच्या शेजारच्या पुसदकरकाकूंना सांगितलं, आणि काकूंना सांगितलं की गावात दवंडी पिटायची गरज उरत नसे. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मी घरी आलो तर ओसरीवर सहा-सात बाया डोक्यावरून पदर घेऊन बसलेल्या! मला वाटलं, माय गेली! पण माय मधोमध धडधाकट बसलेली होती, आणि काकूंनी आणलेल्या शेवयांच्या ताटलीकडे मायेनं पाहत होती.

"या भाऊ, बसा," काकू गहिवरून म्हणाल्या. "कुठून येऊन राह्यले?"

"हापिसातून."

सगळ्या जणींनी एकमेकींकडे पाहिलं. काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

"बिचारा! सवयीनं जाऊन येते अजून."

"अहो काकू, खरंच हापिसातून येऊन राह्यलो! नोकरी हाये माझी!"

"हौ बाप्पा, हाये. कोन नाई म्हनते?" काकू लहान पोराला समजवावं तशा म्हणाल्या. आणि शांताच्या कानाशी जाऊन, पण सगळ्यांना नीट ऐकू येईल अशा बेतानं, "यायले एकटं सोडू नको व. विहिरीकडं तं नाई जात ना?"

मी जितकं "नोकरी आहे" म्हणत होतो तितके बायांचे डोळे जास्त भरून येत होते. शेवटी मी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. त्यानं तर त्यांची खात्रीच पटली!

इथवर ठीक होतं. पण शांताला दुसरं काहीही चाललं असतं, कीव चालत नव्हती. बाहेरून तिचा आवाज आला, "यायले कोन काढते? हेच सोडून राह्यले नोकरी! दुकान टाकनार हायेत."

मी भिंतीकडचं तोंड फिरवलं.

"दुकान? कायचं व?" बाहेर काकूंनी विचारलं.

शांता ठसक्यात म्हणाली, "धान्याचं! कंट्रोल उठल्यावर लोकाइले धान्य लागन ना? यायच्यापेक्षा जास्त कोनाले समजते त्यातलं?"

बाया गेल्यावर मी तिला म्हणालो, "अवं, हे काय सांगून बसली?" ती म्हणाली, "रडून राह्यल्या होत्या मेल्या तुमच्यावर! मले नाई पाह्यल्या गेलं." आणि ती स्वतःच रडायला लागली. तिच्यावर चिडायचं माझ्या जिवावर आलं. तीन आठवडे तीही अर्धपोटीच होती.

दुसऱ्या दिवसापासून दुकान चालू झालं, म्हणजे गावाच्या तोंडी. कोणी विचारी, दुकान आर्वी नाक्यावर की बाजारात? कोणी म्हणे, भाऊ, गहू आम्हाले चांगला देजो. रेशनच्या रांगेत तर माझा मानच वाढला. "आपलाच बाबू हाये, याचंच दुकान निंघून राह्यलं." पुसदकरकाकांनी माळ्यावरची जुनी तागडी काढली, चिंचेनं घासली आणि चार लोकांदेखत हलगी वाजवल्यासारखा खणखणाट करत आमच्या घरी आणून दिली. मी घेतली. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

शनिवारी साहेबांनी बोलावलं. साहेब जबलपूरकडचे. सात वर्षांत त्यांनी मला कधी खुर्ची दिली नव्हती. त्या दिवशी दिली, आणि मी तिच्या कडेवर टेकलो.

"बैठिए, भोयरबाबू. सच कहूँ, मैं आपका ही नाम रखनेवाला था. अक्षर आपका मोतियों जैसा है." साहेब प्रसन्न हसले. "पर हमारी श्रीमतीजी ने भजन में सुना, आप दुकान खोल रहे हैं. तराजू तक आ गया! वाह! दूरदर्शी आदमी हैं आप. अब मेरा धर्मसंकट टल गया."

मी तोंड उघडलं. साहेब, दुकान नाही, बायको खोटं बोलली, एवढंच म्हणायचं होतं. चार शब्दांचं काम! तेवढ्यात दार ढकलून वांदिले आत आला आणि त्यानं माझे दोन्ही हात घट्ट धरले. साहेबांनी त्याला आधीच सांगितलं होतं. वांदिलेच्या चार पोरी, आणि तो त्या चारींच्या वाटचं एकटाच रडत होता.

"भोयरबाबू, तुमचं दुकान नसतं तं माझं काय झालं असतं हो?"

मी त्याच्याकडे पाहिलं. साहेबांकडे पाहिलं.

"हौ," मी म्हणालो. "टाकून राह्यलो ना दुकान."

आजही मला विचाराल तर तो त्याग नव्हता. आपली बायको खोटं बोलली हे साहेबांपुढे सांगायची लाज वाटली, आणि वांदिलेचं रडणं लवकर थांबावं असं वाटलं. घरी येऊन सांगितलं तेव्हा शांता उठली, काकूंकडून वाटीभर दूध आणलं आणि साखरेचा चहा केला. "सराव सपला ना आता," ती म्हणाली. खऱ्या बेकारीचा पहिला दिवस हा आमच्या घरातला महिन्याभरातला सगळ्यांत सुखाचा दिवस होता.

सहा महिन्यांत कंट्रोल खरंच उठला. गावानं पेढे वाटले. (आम्हालाही मिळाले, आम्ही खाल्ले.) कचेरीला कुलूप लागलं, आणि आठवड्याभरात एका दुपारी वांदिले आमच्या ओसरीवर येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, सायकल नाही.

"भोयरबाबू," तो खाली मान घालून म्हणाला, "माझी बी गेली. तुमच्या दुकानात एखादी जागा हाये का?"

दुकान कसलं, सहा महिने मी गावाला "मुहूर्त पाहून राह्यलो" एवढंच सांगत होतो; घरात त्या वेळी ज्वारीचा दाणा मोजून शिजत होता. खरं सांगायची ही दुसरी संधी देवानं आणून दिली होती. मी फाटकं बनियान खाली ओढलं, घसा खाकरला आणि साहेबांच्या आवाजात म्हणालो,

"सध्या आमच्याकडंच छाटनी चालू हाये, वांदिलेबाबू. तरी अर्ज ठेवून जा."