मामांचं गोल्फचं मैदान

जपानला जाऊन आलेला आणि जपानबद्दल काहीच सांगू न शकणारा माणूस साऱ्या जगात एकच असेल, आणि ते म्हणजे माझे मामा. बोईसरच्या एका कारखान्याने त्यांना यंत्र शिकायला तिकडच्या कुठल्याशा डोंगराळ जिल्ह्यात धाडलं होतं. परत आले तेव्हा आमच्या घिवली गावात त्यांच्या ओट्यावर गर्दी जमली. कुणी विचारलं, "तिकडं मासली कशी हाय?" मामा म्हणाले, "मासलीचं ऱ्हाऊ दे. तिकडं गोल्फच्या मैदानाला गाडी जाते!" पुढे कायम तेच. एका रविवारी तिथल्या साहेबांनी त्यांना सोबत नेलं होतं. आधी आगगाडी, मग डोंगरातलं इवलंसं स्टेशन, आणि बाहेर मैदानाची बस उभी. वर पोचले तर गाव नाही, देऊळ नाही, बाजार नाही. नुसतं गवत, आणि ते खायला एक म्हैससुद्धा नाही. चारपाच माणसं काठीने चेंडू मारून हरवत होती आणि पुन्हा शोधत होती. एवढ्यासाठी बस? हे कोडं मामांना सुटेना, आणि ऐकून ऐकून मलाही.

आमच्याकडे एस.टी. फाट्यावरच थांबे. मामी मासळीची टोपली डोक्यावर घेऊन तिथवर चालत जायची, आणि तिचे गुडघे आता सुजू लागले होते. मामांनी पुष्कळ विचार करून उत्तर काढलं: गवत असलं की बस येते. वाटेकडेच्या आपल्या तुकड्यात त्यांनी हरळी लावली, तिकडे पाहिलं होतं तसा मधोमध खड्डा खणला आणि लाल फडकं बांधलेला बांबू त्यात रोवला. गावाला वाटलं, नवस असेल. दोघीतिघींनी तिथे नारळही फोडला.

मग मला घेऊन ते डेपोत गेले. घरातला कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून बोलायचं मी, असं ठरलं होतं. बोलले मात्र मामाच.

"साहेब, गोल्फचं मैदान तयार हाय. गाडी सोडा."

"खेळतं कोण?"

"गाडी आली का येतील."

"माणसं आली की गाडी सोडू."

परतताना मामा म्हणाले, "तू कालेजात शिकतो ना, मग सांग. आदी गाडी का आदी मानसं?" मी पालघरला अर्थशास्त्र शिकत होतो.

बस आली नाही. हरळी म्हशींनी खाल्ली. आणि एका सकाळी मामीला टोपली उचलवेना. आमच्यात मासळी बाईनेच वाहायची. पुरुषाने टोपली डोक्यावर घेतली तर गाव वर्षभर हसतं. मामांनी टोपलीला दोरी बांधली, ती खांद्याला अडकवली आणि मामीच्या मागून चालू लागले. मासळीचं पाणी त्यांच्या पाठीवरून गळत होतं.

"अगो बाय, हमाल मिलाला तुला!" वाटेतल्या बाया ओरडल्या.

"हमाल नाय," मामा गंभीरपणे म्हणाले. "तिकडं खेलनाऱ्याच्या काठ्यांचं ओझं दुसरं मानूस असंच खांद्यावर नेते."

मामी वळली. "आनि मी काय खेलते वो?"

मामांनी दोरी खांद्यावर सावरली. म्हणाले, "तू चाल. गाडी जाईल."

मलाही तीच गाडी पकडायची होती, म्हणून मी त्यांच्या मागेच होतो. त्या वाटेने मामी रिकाम्या डोक्याने कधी गेली नव्हती. हात कुठे ठेवावेत, ते तिला उमगत नव्हतं. एक हात सवयीने पुन्हा पुन्हा वर जात होता, आणि तिथे काहीच नाही म्हणून हळूच खाली येत होता.