मरणावर न मिटलेलं पुस्तक

परळीत केबल नवी होती, तेव्हाची गोष्ट. आमच्या किराणा दुकानात पुड्यांसाठी घेतलेल्या रद्दीत माझ्या वडलांना, पंचाक्षरी आप्पांना, काळ्याकुट्ट चित्रांचं इंग्रजी पुस्तक सापडलं. केबलवर हिंदीत पाहिलेल्या सिनेमाचीच गोष्ट. गिऱ्हाईक ताटकळत ठेवून आप्पा चित्रांवरून वाचत बसले. सिनेमात सुखरूप घरी आलेला हिरो पुस्तकात शेवटच्या पानावर मेला.

"सिनेमावाल्यानं लई फसवलं!" आप्पा गिऱ्हाइकावरच खेकसले. पुस्तक मात्र उघडंच.

"आप्पा, संपलं की. मिटा आता," मी म्हटलं.

"मरणावर पोथी मिटत नसतेत, पोरी."

त्यांनी पुन्हा पहिलं पान काढलं. तिथं हिरो बायकोसोबत जेवत होता. आप्पांनी ते निवांत पाहिलं, पुस्तक कपाळाला लावलं आणि मिटलं.

"जेवू दे त्याला," म्हणाले.