उन्हाळ्यात पाहिलेला माळ

माळाच्या बाबतीत कुणीही हरकत घेतली नव्हती, असे आमच्या गटाचे प्रमुख परवा दादरच्या सभेत म्हणाले. हे साफ खोटे आहे. हरकत मी घेतली होती, आणि चढ्या आवाजात.

घाटापलीकडच्या दुष्काळी पट्ट्याच्या पर्यावरण-सुरक्षेचा आराखडा आम्ही परळच्या कचेरीत बसून करत होतो. जमिनीचे प्रकार पाडायचे, कोणता प्रकार किती पाणी मुरवतो, किती चारा देतो, माती किती धरतो, त्यावरून त्याचे मूल्य ठरवायचे आणि जास्त मूल्याचे आधी राखायचे. या पद्धतीची बाजू मी आजही घेईन. चुकली ती आमची नजर. गटातले बहुतेक लालबाग-करी रोडचे, मूळचे कोकणातले. हिरवे ते जिवंत, हे आम्हाला कुणी शिकवावे लागत नाही. ढग नकोत म्हणून उपग्रहाची चित्रे भर उन्हाळ्यातली निवडली गेली. त्यांत गवताळ माळ उघडी जमीन म्हणून नोंदला गेला. मूल्य जवळपास शून्य. मग तिथे झाडे लावायचे ठरले.

"ते गवत आहे," मी म्हणालो. "खालच्या धनगरवस्तीची विहीर त्याच्यावर जगते."

"वाळलंय ते, सर," प्रमुख म्हणाले.

"वाळलंय, मेलं नाही. मुळं शाबूत आहेत. पावसाळ्यानंतरचं चित्र मागवा."

"झाडांना विरोध करणारे पर्यावरणवाले पहिल्यांदाच बघतोय बुवा!" प्रमुख म्हणाले, आणि सगळे हसले.

यंत्रांनी माळ खरवडला. कुंपण पडले, मेंढ्यांना बंदी झाली. रोपे जळाली. मोकळी झालेली माती पावसाबरोबर विहिरीत उतरली आणि पुढच्या उन्हाळ्यात विहीर आटली. मेंढ्या घेऊन गेलेली कुटुंबे परतली नाहीत. प्रमुख याला दुष्काळ म्हणतात. त्याहून वाईट दुष्काळ त्या विहिरीने काढले होते.

परवाच्या सभेनंतर तेच प्रमुख माझ्याजवळ आले. "सर, शेजारच्या माळाचं काम घेतलंय. सल्लागार म्हणून तुमचं नाव घालू ना?"

"चित्रं कुठल्या ऋतूतली?"

"तीच आहेत. पुन्हा कुठे मागवत बसायचं?"

"मग काम थांबवा."

"खड्डे खणून झाले, सर. तुमचं नाव तेवढं राहिलंय."

नाव मी दिले नाही. त्याने त्या माळाचे काहीच वाचले नाही.