बाईंचा वेगवान मोडेम

टायपिंग क्लासच्या बाईंशी कडाडून भांडून त्यांची एकुलती एक लेक परदेशी निघून गेली, त्याला दोन वर्षं झाली. जाताना ती एवढंच म्हणाली होती, "वाटलं तर ई-मेल करीन."

बाईंनी आठवड्याच्या आत कॉम्प्युटर घेतला, मोडेम घेतला, घरचा फोन त्याला जोडला. रोज दुपारी क्लास सुटला की त्या खुर्ची ओढून बसत. मोडेम आधी किंचाळायचा, मग खरखरायचा आणि मग पान वरून खाली, ओळीओळीनं उतरायचं. आधी स्वागत, मग हवामान, मग बातम्या आणि अगदी तळाशी पत्रांची ओळ. तिथवर पोहोचायला चार मिनिटं लागत. तेवढ्यात चष्मा दोनदा पुसून होई आणि लेकीला मनातल्या मनात माफ करूनही होई. मग ओळ उमटायची : नवीन पत्र नाही.

"मेलं हे यंत्रच मंद!" बाई करवादल्या. पत्रं वाटेत अडकत असणार, अशी स्वतःची समजूत घालून त्यांनी दुकानातला सगळ्यात वेगवान मोडेम बसवून घेतला.

चारच दिवसांनी त्यांनी दुकानदाराला पुन्हा बोलावलं. "जुना परत लावून द्या."

"का हो बाई? नवा बिघडला की काय?"

"बिघडायला काय धाड भरलीय त्याला!" बाई खेकसल्या. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "नीट टेकायच्या आत सांगून मोकळा होतो, पत्र नाही म्हणून. जुना निदान चार मिनिटं वाट तरी बघू द्यायचा."